दुधाचं पुढे काय झालं

मी कादंबऱ्या जाडी बघून निवडतो. हे सांगताना जरा संकोच वाटतो. कॉलेजात ज्या दोघा-तिघांशी मी पुस्तकांबद्दल बोलतो ते लेखक बघतात, विषय बघतात, निदान मुखपृष्ठ तरी बघतात. मी शनिवारी दुपारी आदिलाबादच्या जिल्हा ग्रंथालयात जातो, मराठीच्या एकुलत्या एका कपाटासमोर उकिडवा बसतो आणि खालच्या फळीवरची पुस्तकं अंगठा आणि बोटाच्या मधे धरून पाहतो. जाड असलं तर बरेच रविवार निघतात. पातळ असलं तर लगेच संपतं, आणि मग पुढच्या रविवारी काय, हा प्रश्न उभा राहतो.

त्या फळीवरची जाड पुस्तकं बहुतेक जादूच्या राज्यांची आहेत. राजपुत्र, मांत्रिक, बोलणारे पक्षी, पाण्याखालचे महाल. मला अशा गोष्टींची फार आवड होती असं नाही. पण गेल्या दीड वर्षात मी त्या सगळ्या वाचल्या, आणि मनात नाही, मोठ्याने वाचल्या. त्यामुळे त्यांच्याबद्दल माझी काही मतं झाली आहेत. ती बरोबर आहेत की नाहीत हे मला ठाऊक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, त्यामुळे मत कसं मांडायचं हे मी कोणाकडून पाहिलेलं नाही.

रविवारचा प्रश्न का, ते आधी सांगतो.

आमचं गाव नेरडीगोंड्याच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत. वडील रस्त्याच्या गँगमध्ये मजूर आहेत. आई आणि माझी आत्या घरी विड्या वळतात. आत्या वडिलांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे आली ती कायमचीच. सोमवारी सकाळी वळलेल्या विड्या एजंटाकडे द्यायच्या असतात, म्हणून रविवारची दुपार कामाची. आमच्या ओसरीवर उजेड चांगला येतो. आजूबाजूच्या बाया आपापलं सूप घेऊन तिथेच येत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पानं आणि ती कापायची कात्री. मी लहान असल्यापासून हे असंच.

आत्याला मूल नाही. तिला मुलींच्या वेण्या घालायला आवडायचं. आळीतल्या मुली आपण होऊन तिच्यापुढे येऊन बसायच्या, कारण ती केस ओढत नसे. दोन वर्षांमागे मागच्या आळीतल्या एका वहिनींची मुलगी शाळेत प्रार्थनेच्या रांगेत पडली. हातपाय ताठ, तोंडाला फेस. आदल्या संध्याकाळी तिची वेणी आत्याने घातली होती. कोणीतरी विचारलं, फणीत निघालेले केस कुठे गेले? आत्या म्हणाली, चुलीत टाकले. बस, एवढंच.

आमच्या वस्तीत करणी-भानामती मानत नाहीत. विहारात दर पावसाळ्यात ग्रंथवाचन होतं तेव्हा हे सांगितलं जातं आणि सगळे माना डोलावतात. मुलीच्या आईनेही डोलावली असेल. आत्याला तोंडावर कोणी काही बोललं नाही. फक्त ओसरीवरची सुपं कमी झाली. आधी एक, मग दोन. कोणाच्या घरी पाहुणे होते, कोणाची पाठ दुखत होती. शेवटी उजेडाच्या त्या सबंध ओसरीवर आई आणि आत्या दोघीच राहिल्या. मुलींनी येणं तर शक्यच नव्हतं. आत्याने फणी आतल्या कोनाड्यात ठेवून दिली.

त्या सुमारास मी आदिलाबादला कॉलेजात गेलो. दहावीपर्यंत मराठी शाळा, आणि कॉलेजात सगळं तेलुगूत. वर्गात बसून बसून मी इतका थकायचो की शनिवारी घरी येताना बसमध्ये कोणी मराठीत भांडलं तरी कानाला बरं वाटायचं. म्हणूनच ग्रंथालयातून मराठी पुस्तक आणलं होतं. रविवारी ओसरीवर बसून वाचत होतो तर आत्या म्हणाली, "मनातल्या मनात काऊन वाचून राह्यला बाबू? आमाले बी आयकू दे."

मी मोठ्याने वाचायला लागलो. समोरच्या घरातली म्हातारी काकी भांडी घासत होती. ती थांबली. मग हात पुसत येऊन पायरीवर बसली.

"कालेजात हेच शिकवतेत का रे?"

"नाई काकी, हे असंच."

"मंग वाच. थांबला काऊन?"

पुढच्या रविवारी काकी सूप घेऊन आली. तिच्या मागे तिच्या दोन सुना. महिन्याभरात ओसरी भरली. मुलीची आईही आली, सगळ्यात शेवटी, आणि टोकाच्या खांबाशी बसली, आत्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं. पण आली. त्या दिवशी मला कळलं की मी वाचतोय तोवर ही ओसरी भरलेली राहील. आणि तेव्हापासून मी पुस्तकांची जाडी बघायला लागलो.

आता मतं.

पहिली जी वाचली ती एका राजपुत्राची होती. शापामुळे त्याच्या राज्यातल्या सगळ्यांच्या सावल्या नाहीशा होतात, आणि त्या परत आणायला तो सात किल्ले ओलांडतो. मला वाटतं लेखकाला किल्ल्यांची वर्णनं फार आवडत असावीत. प्रत्येक किल्ल्याचा दरवाजा चार पानं. मी वाचत गेलो, आणि एकदा काकी म्हणाली, "इतक्या दिसापासून घोड्यावर हाये हा. लघवीले तरी उतरला का?"

बाया इतक्या हसल्या की एका सुनेच्या सुपातला तंबाखू सांडला. पण मला ते पटलं. त्या सबंध पुस्तकात कोणी चूल पेटवत नाही. सैन्य आहे, हत्ती आहेत, मेजवान्यासुद्धा आहेत, पण भाकरी थापणारी बाई एकाही पानावर नाही. जादूच्या राज्यात जादूने जेवण येत असेल तर तसं सांगावं. ते सांगितलेलं नाही. इतक्या मोठ्या राज्यात रोज भांडी कोण घासतं हे लेखकाला माहीत नसेल, तर त्या राज्यावर विश्वास कसा ठेवायचा?

दुसऱ्या एका कादंबरीत उलटं होतं. त्यात एक कोळीण तळ्याखालच्या राज्यात जाते आणि तिथल्या राणीकडे कामाला राहते. ती तिथे काय काय काम करते हे नीट लिहिलं होतं, शेवाळ खरवडणं, शिंपले उघडणं, राणीचे ओले केस वाळवणं. जादू अगदी थोडी होती. मला स्वतःला ही सर्वांत आवडली. बायांनाही आवडली, पण हे मला उशिरा, आईने त्या पुस्तकाबद्दल एकदाही तक्रार केली नाही त्यावरून कळलं. तक्रार तिची लढाईच्या पुस्तकांबद्दल असायची. लढाई आली की हात थांबतात. विडीचं पान बोटात तसंच, डोळे माझ्याकडे. मग विड्या ढिल्या होतात आणि सोमवारी एजंट त्या छाटात काढतो, म्हणजे त्यांचे पैसे देत नाही, वर हिंदीत विचारतो, "ये क्या है अम्मा, सो रहे थे क्या?" म्हणून आई सांगायची, "लढाई जल्दी वाच. नाई तं आवाज न काढता वाच." कोळणीच्या पुस्तकात हात कधी थांबले नाहीत. तिच्या कामासोबत बायांचंही काम चालत राहिलं. तेव्हापासून मला वाटतं की चांगल्या कादंबरीत हात चालू राहतात. हे मत परीक्षेत लिहिता येणार नाही.

आणखी दोन-तीन वाचल्या. एकीत जादूची एवढी हत्यारं होती की कोणतं कशासाठी हे मलाच लक्षात राहिना, आणि वाचताना मी चुकीच्या राक्षसाला मारून टाकलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. एकीचा शेवट गायब होता, मागची पानं कोणी फाडून नेली होती. तो शेवट मी तिथेच बसल्या बसल्या रचून सांगितला. काकी म्हणाली, "लवकर उरकलं त्यानं." मी पुस्तक पिशवीत टाकलं.

खरं सांगायचं तर मी थकलो होतो. आठवडाभर तेलुगू नोट्स, खोलीवर स्वतःच शिजवलेला भात, शनिवारी उभ्याने बस, आणि रविवारी ऊन उतरेपर्यंत घसा कोरडा होईस्तोवर राजपुत्र. कधी कधी वाटायचं, एखादं पातळ पुस्तक घ्यावं, माणसांचं, आणि खोलीवर पालथं पडून एकट्याने वाचावं. पण खालची फळी समोर आली की हात जाडीकडेच जायचा.

मग फळीवरची शेवटची जाड कादंबरी आली.

ती मी आधी न चाळता आणली होती. आधी वाचून ठेवायला वेळच नव्हता. त्यात एक जंगल होतं, जंगलाच्या कडेला एक गाव, आणि जंगलात झोपडी करून राहणारी एक म्हातारी. गावातल्या गाईंचं दूध आटतं. सगळे म्हणतात म्हातारीने मंत्र टाकला. राजपुत्राला बोलावतात. पहिल्या रविवारी म्हातारी नुसती लांबून दिसली. दुसऱ्या रविवारी तिच्या नखांचं वर्णन आलं, डोळ्यांचं आलं, आणि मी वाचता वाचता वर पाहिलं नाही. ओसरीवर कोणी विनोद केला नाही. काकीसुद्धा नाही. मुलीची आई खांबाशी खाली मान घालून वळत होती. त्या दिवशी मी घसा बसल्याचं सांगून लवकर मिटवलं.

सोमवारी बसमध्ये मी शेवट काढून वाचला. राजपुत्र रात्रीतून झोपडीला बाहेरून कडी लावतो आणि पेटवून देतो. गावकरी नाचतात. मग राज्याभिषेक आहे, राजकन्या आहे, आणि शेवटची पंचवीस-तीस पानं फुलांच्या वर्षावात जातात.

आठवडाभर मला दुसरं काही सुचलं नाही. तासाला सर काय शिकवत होते ते आठवत नाही. मी एका शेवटाची जुळणी करत होतो. म्हातारी झोपडीत नव्हतीच, असं करावं. किंवा दूध दुसऱ्याच मांत्रिकाने आटवलं होतं, असं करावं. फाटक्या पुस्तकाचा शेवट रचला होता तसाच हाही रचता येईल. शनिवारी घरी पोचलो तेव्हा आत्या अंगणात पानं भिजत घालत होती. मला बघून म्हणाली, "म्हातारीले मारते ना तो?"

मी हो म्हणालो. मग म्हणालो, "मी बदलतो आत्या. मले जमते. कोणाले समजत नाई."

ती पानं दाबत राहिली. "कसं मारते?"

"जाळते."

तिने हात झटकले, पदराला पुसले. "बदलू नको. जसं लिवलं तसंच वाच."

"पण आत्या..."

"तू बदलशीन तं त्याइले समजन. म्हणतीन, भाच्यानं आत्यासाठी बदललं. मंग ते खरंच होऊन जाईन." थोड्या वेळाने म्हणाली, "आन वाचताना माह्याकडं पाहू नको. मागच्या खेपेला दोनदा पाह्यलं तू."

मला वाटत होतं मी एकदाही पाहिलं नव्हतं.

रविवारी सगळ्या आल्या. नेहमीपेक्षा लवकर आल्या. मी वाचायला सुरुवात केली आणि एका सुरात वाचत गेलो, आवाज चढवला नाही, उतरवला नाही. कडी लावली. पेटवलं. म्हातारी आतून ओरडते, ते लेखकाने पानभर लिहिलं होतं. ते मी वाचलं. मला कात्रीचे आवाज ऐकू येईनासे झाले. मग गावकरी नाचले, आणि मी पान उलटून राज्याभिषेकावर आलो.

"थांब," मुलीची आई म्हणाली.

ती ओसरीवर कधी बोलत नसे. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"दूध आलं का?"

"काय?"

"गाईले. दूध आलं का मंग?"

मी पुढे पाहिलं. राज्याभिषेक. राजकन्येचा शालू. आणखी पुढे. मी पानं उलटत गेलो, शेवटापर्यंत गेलो, परत आलो. बाया वाट बघत होत्या. मुलीच्या आईच्या बोटात अर्धी वळलेली विडी तशीच होती आणि तिचे डोळे माझ्या हातांवर होते. ती मजेने विचारत नव्हती, हे मला दिसत होतं. मी पुन्हा एकदा चाळलं.

"लिवलं नाई वहिनी."

"नीट पाय."

"पाह्यलं. दुधाचं पुढं काहीच नाई."

"विसरला असंन लिवणारा," काकीची धाकटी सून म्हणाली.

"विसरला कसा?" मुलीच्या आईचा आवाज एकदम वर गेला. "दुधासाठीच तं जाळलं ना तिले? मंग आलं का नाई आलं, हे नको का सांगाले?"

काकी काहीतरी बोलणार होती, राजपुत्राला शिवी असावी, पण बोलली नाही. आत्या दोरा गुंडाळत होती. तिने विडीचं तोंड बोटाने दाबून बंद केलं, विड्यांच्या जुडीत ठेवली, आणि कोणाकडेही न बघता म्हणाली, "त्याले पाणी द्या कोणी. घसा सुकला त्याचा."

पाणी आईने दिलं. मी फुलांचा वर्षाव वाचून संपवला. कोणी ऐकत नव्हतं.

त्या कादंबरीबद्दल माझं मत विचाराल तर ती चांगल्या भाषेत लिहिलेली आहे. जंगलाचं वर्णन तर मी उटनूरकडे एकदा पाहिलेल्या जंगलासारखं अगदी जिवंत आहे. पण लेखकाला दुधाची काळजी नव्हती. त्याला झोपडी पेटवायची होती आणि त्यासाठी कारण हवं होतं. पेटवून झाल्यावर कारणाची गरज उरली नाही. आधी वाचलेल्या कादंबऱ्या आठवल्या तर त्यांतही हेच होतं. शाप उतरवायला कोणालातरी मारतात, आणि पुढे शाप उतरला की नाही हे एका ओळीत उरकतात, किंवा उरकतही नाहीत.

संध्याकाळी बाया गेल्यावर मुलीची आई मागे राहिली. सूप कमरेला लावून अंगणात उभी. मला म्हणाली, "तुह्या कालेजाच्या तिकडंच हाये ना, सरकारी दवाखाना?"

"हो. मोठा दवाखाना जवळच हाये."

"झटक्याचा डाक्टर रायते तिथं?"

"विचारून सांगतो."

"विचारू नको. मी येतोच उद्या. तू फक्त खिडकी दाखवजो, चिठ्ठी कुठं काढतेत ते. मले तेलुगू बोलता येत नाई तितकी."

दोन वर्षं ती मुलीला घेऊन कुठे कुठे जात होती हे मला तेव्हा थोडंसं कळलं. बेज्जूरच्या बाजूला कोणीतरी दोरा बांधून देतो, तिथपर्यंत ती जाऊन आली होती.

सोमवारी आम्ही एकाच बसने गेलो. मुलगी खिडकीशी बसून विजेचे खांब मोजत होती. तिची वेणी तिरपी झाली होती. दवाखान्यात आम्ही रांगेत उभे राहिलो, मी डॉक्टरांचं तेलुगू मराठीत सांगितलं आणि वहिनींचं मराठी माझ्या तेलुगूत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत, वर्षं लागतील म्हणाले. वहिनींनी विचारलं, "हे कशानं होते?" मी ते विचारलं. डॉक्टर म्हणाले, पुष्कळदा कारण सापडत नाही. मी ते जसं आहे तसंच सांगितलं. वहिनींनी चिठ्ठीची घडी घालून पदराच्या गाठीत बांधली. माझा एक तास बुडाला.

सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. तशा शेवटांचा मला कंटाळा आला आहे. वहिनी आत्याशी अजून बोलत नाहीत. मुलगी गोळ्या घेते, मधे एकदा चुकली तेव्हा पुन्हा पडली. त्या आठवड्यात आत्या चुलीपाशी बसून होती आणि रविवारी कोणी येईल की नाही हे आम्हाला माहीत नव्हतं. मी तर पुस्तकही आणलं नव्हतं, मराठी फळीवरची पातळ पुस्तकंही संपली होती.

शेवटी तेलुगू कपाटातून एक उचललं. विटेएवढं. राजा, मांत्रिक, सगळं तेच असणार. तेलुगूतून वाचत वाचत मराठीत सांगायचं म्हणजे दुप्पट काम, आणि माझी परीक्षा पुढच्या महिन्यात. बसमध्ये ते मांडीवर ठेवून मी झोपलो.

रविवारी दुपारी मी ओसरीवर बसलो. आधी काकी आली. मग सुना. मग थोडा वेळ कोणीच नाही. आत्या उजेडात बसली होती, मान खाली घालून, आणि पानं कापत होती. टोकाच्या खांबाशी सूप टेकल्याचा आवाज आला तेव्हा तिने मान वर केली नाही, पण तिची कात्री क्षणभर थांबली.

"आज काय हाये?" वहिनींनी मला विचारलं. आत्याला नाही.

मी पुस्तक उभं धरून दाखवलं.

"बापरे," काकी म्हणाली. "हे कवा संपन?"

"आधी पायलं का रे तू," वहिनी म्हणाल्या, "शेवटी काय व्हते ते?"

मी हो म्हणालो. खरंच पाहिलं होतं. बसमध्ये डोळे मिटण्याआधी शेवटचं प्रकरण कसंबसं वाचलं होतं, अर्धं समजलं होतं. कोणी जळत नव्हतं.

"मंग कर सुरू," आत्या म्हणाली. "हळू हळू वाच. घाई नाई."